ब्रिटनमध्ये नोकरीचा वाद: एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलमध्ये दावा कसा करायचा आणि आलेल्या दाव्याला उत्तर कसं द्यायचं

ब्रिटनमध्ये नोकरी गेली की आपल्या माणसाचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी व्हिसाची चिंता, मग घरभाडं आणि मुलांची शाळा, मग कंपनीकडे अंतर्गत अपील आणि त्या अपिलाच्या निकालाची वाट. एवढ्यात दहा-अकरा आठवडे निघून जातात. मग कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतं, ‘केस करता येईल का रे?’ तोवर अनेकदा करता येण्याचे दिवस संपलेले असतात.

हा लेख इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलबद्दल, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाबद्दल आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. दावा करणाऱ्या नोकरदारासाठी तो आहेच, पण ज्यांचं इथे रेस्टॉरंट, केअर होम किंवा दहा-बारा माणसांची आयटी कंपनी आहे आणि ज्यांच्या हाती एक दिवस अचानक दाव्याची प्रत पडते, अशा मराठी मालकांसाठीही आहे. बाजू वेगळ्या असल्या तरी चुका सारख्याच होतात. दोघेही ‘माझ्यावर किती अन्याय झाला’ हे सांगायला जातात, आणि ट्रिब्युनलला हवी असतात ठरावीक कायदेशीर प्रश्नांची पुराव्यासकट उत्तरं.

मुदत: तीन महिने, त्यातून एक दिवस कमी

नोकरीतून अन्यायाने काढणं, भेदभाव, पगारातली बेकायदा कपात, सुट्टीचे न दिलेले पैसे, या बहुतेक दाव्यांना तीन महिने वजा एक दिवस एवढी मुदत आहे. १० मार्चला नोकरी संपली असेल तर शेवटचा दिवस ९ जून. रिडंडन्सीची (जागाच रद्द झाल्याने नोकरी गेल्यावर मिळणारी) रक्कम आणि स्त्री-पुरुष समान वेतन यांच्या दाव्यांना सहा महिने मिळतात. डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये तीनऐवजी सहा महिन्यांची तरतूद आहे, पण ती ऑक्टोबर २०२६ च्या आधी लागू होणार नाही, असं सरकारने जाहीर केलं आहे. तुमच्या तारखेला नवा नियम लागू आहे हे सरकारी संकेतस्थळावर डोळ्यांनी वाचल्याशिवाय तीन महिनेच धरून चाला.

कंपनीतलं अंतर्गत अपील किंवा ग्रीव्हन्स (औपचारिक तक्रार) चालू असलं म्हणून हे घड्याळ थांबत नाही. एचआरचा ‘वी आर लुकिंग इन्टू इट’ असा ईमेल आला तरी नाही. मुदत हुकली तर भेदभावाच्या दाव्यात ‘न्याय्य आणि उचित’ वाटल्यास न्यायाधीश ती वाढवू शकतात. अन्यायाने काढल्याच्या आणि पगाराच्या दाव्यांत मात्र वेळेत दावा करणं व्यवहारात शक्यच नव्हतं हे सिद्ध करावं लागतं. ‘मला नियम माहीत नव्हता’ हे कारण सहसा चालत नाही.

आधी एकॅस, मगच दावा

थेट ट्रिब्युनलचा फॉर्म भरता येत नाही. मे २०१४ पासून आधी एकॅस या सरकारी सलोखा संस्थेला कळवणं सक्तीचं आहे. तिच्या संकेतस्थळावरचा फॉर्म मोफत असतो आणि दहा मिनिटांत भरून होतो. त्यात प्रतिवादीचं नाव काळजीपूर्वक लिहा. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि कंपनीज हाऊसमध्ये (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात) नोंदलेलं कंपनीचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं, तेव्हा पगाराच्या स्लिपवर आणि करारावर जे आहे ते पाहा. भेदभावाच्या दाव्यात मॅनेजरलाही व्यक्तिशः प्रतिवादी करायचं असेल तर त्याच्या नावाने वेगळी नोंद आणि वेगळं प्रमाणपत्र (सलोख्याचा टप्पा संपल्याचं एकॅसचं पत्र) लागतं.

मुदतीच्या आत एकॅसला कळवलं की घड्याळ थांबतं. १ डिसेंबर २०२५ पासून हा सलोख्याचा काळ जास्तीत जास्त बारा आठवड्यांचा आहे (आधी सहा होते). बोलणी नको असतील तर तसं सांगून लगेच प्रमाणपत्र मागता येतं. हिशेब मात्र नीट समजून घ्या. वरच्या उदाहरणात १ जूनला एकॅसला कळवलं आणि २० जूनला प्रमाणपत्र आलं, तर दावा करायला २० जुलैपर्यंत वेळ मिळतो, कारण मूळ मुदत सलोखा चालू असतानाच संपत होती आणि अशा वेळी प्रमाणपत्रापासून एक महिना मिळतो. पण हेच सगळं १ एप्रिल ते २० एप्रिल असं लवकर उरकलं असेल, तर मूळ ९ जूनमध्ये फक्त एकोणीस दिवसांची भर पडते आणि शेवटची तारीख २८ जून येते. प्रमाणपत्रापासून सरसकट एक महिना असतो असं समजणारेही फसतात आणि सरसकट तीन महिने मोजणारेही. आणि १० जूनला पहिल्यांदा एकॅसला फोन केला असेल तर त्या फोनने गेलेली मुदत परत येत नाही.

एक अपवाद. गैरप्रकार उघड केल्यामुळे किंवा युनियनच्या कामामुळे काढलं गेलं असेल, तर अंतिम निकालापर्यंत पगार चालू राहावा यासाठी अंतरिम दिलासा मागता येतो. पण त्याचा अर्ज नोकरी संपल्यापासून सात दिवसांत करावा लागतो आणि त्यासाठी एकॅसची वाट पाहायची नसते.

दावा नक्की कशाचा?

इथेच बहुतेक प्रकरणं भक्कम होतात किंवा ढासळतात. ‘मॅनेजर छळायचा’ हा दावा नाही. ब्रिटिश कायद्यात नुसत्या दादागिरीचा स्वतंत्र दावाच नाही. तो छळ वंश, लिंग, वय, अपंगत्व, धर्म, गरोदरपण अशा २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमधल्या नऊ संरक्षित गुणविशेषांपैकी एखाद्याशी जोडलेला असला पाहिजे.

अन्यायाने काढल्याचा नेहमीचा दावा करायला दोन वर्षं सलग नोकरी लागते. १ जानेवारी २०२७ पासून ही अट सहा महिन्यांवर येते आहे. गरोदरपण, गैरप्रकार उघड करणं किंवा कायद्याने दिलेला हक्क मागणं या कारणाने काढलं असेल तर सेवाकाळाची अट नाही. भेदभावाच्या दाव्यालाही नाही, अगदी मुलाखतीत नाकारलेला उमेदवारही तो करू शकतो.

अन्यायाने काढल्याच्या दाव्यात ट्रिब्युनल तुमची विभागीय चौकशी नव्याने करत नाही, हे पचायला जड जातं. ‘मी चोरी केलीच नव्हती’ हा मुख्य प्रश्न नसतो. मालकाला तसं प्रामाणिकपणे वाटत होतं का, वाटायला वाजवी आधार होता का, पुरेसा तपास केला का, आणि एखाद्या समंजस मालकाने जे जे केलं असतं त्याच्या कक्षेत ही शिक्षा बसते का, हे प्रश्न असतात. तेव्हा तुमची सगळी ताकद तपासातल्या भोकांवर लावा. कोणत्या साक्षीदाराला विचारलंच नाही, कोणतं सीसीटीव्ही पाहिलं नाही, सोबतीला सहकारी किंवा युनियनचा माणूस आणू दिला का, अपील ऐकणारा अधिकारी आधीच्याच निर्णयात गुंतलेला होता का.

भेदभावात सिद्ध करण्याची रीत वेगळी आहे. कोणी ‘तू भारतीय आहेस म्हणून’ असं लिहून देत नाही, हे कायद्यालाही कळतं. ज्यावरून भेदभावाचा निष्कर्ष निघू शकेल अशी तथ्यं आधी तुम्ही दाखवायची, मग भेदभाव नव्हता हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर जातं. पण ‘मी भारतीय, मला वाईट वागवलं’ एवढ्याने ओझं सरकत नाही. तुमच्यासारख्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या कोणाला वेगळी वागणूक मिळाली किंवा मिळाली असती ते दाखवावं लागतं.

जातीबद्दल स्वतंत्र परिच्छेद हवा, कारण तो प्रश्न आपणच इथे घेऊन आलो आहोत. इक्वॅलिटी ॲक्टच्या यादीत जात हा शब्द नाही, आणि २०१८ मध्ये सरकारने तो न घालता न्यायालयांच्या निकालांवर भिस्त ठेवायचं ठरवलं. मात्र २०१४ मध्ये एम्प्लॉयमेंट अपील ट्रिब्युनलने म्हटलं की जातीवरून केलेला भेदभाव प्रसंगी ‘वांशिक मूळ’ या व्याख्येत बसू शकतो. ते प्रकरण बिहारमधून आणलेल्या एका घरकामगार बाईचं होतं. पुढे २०१५ मध्ये तिला फक्त किमान वेतनाच्या थकबाकीपोटी १,८३,७७३ पौंड देण्याचा आदेश झाला. मालक आणि नोकर दोघंही भारतीय आहेत म्हणून वंशभेदाचा दावा बसत नाही, ही समजूत डोक्यातून काढून टाका.

पैशांचे दावे त्या मानाने सरळ असतात. शेवटच्या पगारातून ‘व्हिसाचा खर्च’ किंवा ‘ट्रेनिंगचा खर्च’ कापला असेल तर आधी करार काढा. लेखी संमती किंवा करारातलं स्पष्ट कलम नसेल तर कपात बेकायदा ठरू शकते. इमिग्रेशन स्किल्स चार्ज हा स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीनेच सोसायचा असतो, तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही. थकलेल्या पगाराचा दावा साधारण मागच्या दोन वर्षांपर्यंतच जातो. नोटिशीच्या पैशांसाठी करारभंगाचा दावा केला तर त्याला २५,००० पौंडांची मर्यादा आहे, शिवाय मालकाला तुमच्यावर उलट दावा करण्याची वाट उघडी होते. ज्याच्याकडून कंपनीचं काही येणं निघू शकतं त्याने हे पाऊल विचार करूनच टाकावं.

कंपनीने इथे ऑनसाइट पाठवलंय आणि करारपत्र पुण्याचं आहे, म्हणून इथे हक्कच नाहीत असंही नाही. करारावरच्या पत्त्यापेक्षा काम प्रत्यक्षात कुठे चालत होतं याला जास्त महत्त्व असतं.

कागद गोळा करणं

कंपनीचा लॅपटॉप परत जायच्या आधी करार, पगाराच्या स्लिपा, रजेच्या नोंदी, अप्रेझल आणि तुम्हाला आलेली पत्रं यांच्या प्रती जवळ आहेत का पाहा. ग्राहकांचा डेटा किंवा दुसऱ्यांच्या फायली स्वतःच्या जीमेलवर पाठवायचा मोह टाळा, त्यातून मालकाला आयतं कारण मिळतं. जे हाती नाही ते मागायला डेटा संरक्षण कायद्याखाली सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट आहे. ती मोफत असते आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. ‘माझ्याबद्दलचं सगळं द्या’ असं लिहिण्यापेक्षा कोणत्या दोन मॅनेजरांमधले, कोणत्या तारखांमधले ईमेल ते लिहिलंत तर हाती काहीतरी पडतं.

मग घटनाक्रम लिहा. तारीख, काय घडलं, कोण हजर होतं, कागद कुठला. विशेषणं नकोत. हा तक्ता पुढे फॉर्म, साक्षीपत्र आणि उलटतपासणी अशा तिन्ही ठिकाणी कामाला येतो. मराठीतले व्हॉट्सॲप संदेश पुरावा म्हणून द्यायचे असतील तर इंग्रजी भाषांतर सोबत लागतं, आणि सोयीची दोन वाक्यं निवडून देण्याऐवजी पूर्ण संवाद द्या. उरलेला भाग समोरची बाजू आणतेच.

ईटी१: दाव्याचा फॉर्म

फॉर्म ऑनलाइन भरता येतो. फी नाही. २०१३ मध्ये सरकारने फी लावली होती, ती १,२०० पौंडांपर्यंत जायची. युनिसन या कामगार संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला आणि जुलै २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बेकायदा ठरवली.

एकॅसच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि त्यावरची नावं फॉर्मवर जशीच्या तशी हवीत. घटनांचं निवेदन वेगळ्या कागदावर, परिच्छेदांना क्रमांक देऊन लिहा. प्रत्येक घटनेपुढे ती कोणत्या दाव्यात मोडते तेही लिहा, म्हणजे थेट भेदभाव, छळ, तक्रार केल्याचा सूड, पगारातली कपात वगैरे. फॉर्ममध्ये न घातलेला दावा नंतर घालायला परवानगी मागावी लागते, आणि ती मिळेलच असं नाही. त्याच वेळी, चाळीस आरोप करून त्यातले पस्तीस लंगडे असण्यापेक्षा पाच ठाम असलेले बरे. लंगड्या आरोपांवर प्रत्येकी १,००० पौंडांपर्यंत अनामत भरण्याचा आदेश होऊ शकतो.

दुभाषा लागत असेल तर सुरुवातीलाच सांगा. ट्रिब्युनल आपल्या खर्चाने दुभाषा देतं, नवऱ्याला किंवा मैत्रिणीला ते काम करता येत नाही. ऑफिसात इंग्रजी बोलता येणं आणि उलटतपासणीत दोन तास इंग्रजीत उत्तरं देणं यात फार अंतर आहे, तेव्हा इथे संकोच करू नका.

वकील परवडत नसेल तर घराच्या विम्याची पॉलिसी काढून पाहा. तिच्यात बऱ्याचदा कायदेशीर खर्चाचं संरक्षण असतं आणि लोकांना ते ठाऊक नसतं. युनियन, सिटिझन्स ॲडव्हाइस, जवळचं लॉ सेंटर आणि लंडनच्या आसपास फ्री रिप्रेझेंटेशन युनिट हे बाकीचे मार्ग. ‘जिंकलात तरच फी’ अशा करारात वकील भरपाईच्या ३५ टक्क्यांपर्यंत घेऊ शकतो, तेव्हा टक्का आणि मधेच माघार घेतल्यावरचं कलम वाचूनच सही करा.

मालकाच्या हाती दावा आला तर

पत्रावरची तारीख पाहा. ट्रिब्युनलने प्रत पाठवली त्या दिवसापासून २८ दिवसांत ईटी३, म्हणजे उत्तराचा फॉर्म, पोचला पाहिजे. ‘खोटी केस आहे, आपोआप पडेल’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेल्या दाव्यात तुमचं म्हणणं न ऐकताच निकाल लागू शकतो. वेळ कमी पडणार असेल तर मुदत संपायच्या आत, कारण देऊन, वाढवून मागा. व्यवसायाच्या विम्यात कामगार दाव्यांचं संरक्षण असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. स्वतःहून वकील नेमल्यानंतर कळवलं तर पैसे मिळताना वाद होतो.

पुढचं काम म्हणजे काहीही पुसायचं नाही. ईमेल, रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक), हजेरी, मॅनेजरचे व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं जसं आहे तसं ठेवा, आणि मॅनेजरांना सांगा की यापुढे या विषयावर आपसात काही लिहू नका. वकिलाशी झालेला सल्लामसलतीचा पत्रव्यवहार गोपनीय राहतो. ‘याला कसा काढायचा’ म्हणून अकाउंटंट मित्राला पाठवलेला मेसेज मात्र समोर ठेवावा लागू शकतो. तो मराठीत आहे म्हणून कोणाला कळणार नाही, या भरवशावर राहू नका.

ईटी३ लिहिताना नुसतं ‘आरोप अमान्य’ लिहून भागत नाही. आधी तांत्रिक मुद्दे तपासा. दावा मुदतीत आहे का, प्रमाणपत्रावर तुमच्याच कंपनीचं नाव आहे का, दोन वर्षं भरतात का, तो माणूस कायद्याच्या दृष्टीने तुमचा कर्मचारी होता की स्वतंत्र काम करणारा. मग प्रत्येक परिच्छेदाला मान्य, अमान्य किंवा माहीत नाही असं उत्तर, आणि त्यानंतर तुमची बाजू. काढण्याचं कारण कायद्यातल्या पाच न्याय्य कारणांपैकी कोणतं ते ठरवून लिहा: क्षमता, वर्तन, रिडंडन्सी, कायद्याने काम चालू ठेवणं अशक्य होणं किंवा तसंच दुसरं सबळ कारण. काढतानाच्या पत्रात एक कारण आणि ईटी३ मध्ये दुसरं, असं झालं की उलटतपासणीचा पहिला तास त्यावरच जातो.

छोट्या मालकांची खरी अडचण पद्धतीत असते. लेखी आरोप नाही, सुनावणी नाही, अपिलाची संधी नाही; रात्री फोन करून ‘उद्यापासून येऊ नको’. एकॅसची शिस्तभंगाची आचारसंहिता पाळली नाही तर भरपाई २५ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. पद्धत चुकलीच असेल तर ती बरोबर होती असं भासवत बसू नका, त्याने साक्षीदारांची विश्वासार्हता जाते. त्यापेक्षा योग्य पद्धतीने चाललो असतो तरी तीन आठवड्यांनी हाच निर्णय झाला असता, हे कागदांनी दाखवा. त्या प्रमाणात भरपाई कमी होते. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वागण्यामुळे वेळ आली असेल तर त्यापोटीही कपात मागता येते.

भेदभावाच्या दाव्यात कर्मचाऱ्यांच्या वागण्याची जबाबदारी मालकावर येते. ती झटकायची तर असं होऊ नये म्हणून सर्व वाजवी उपाय आधीच केले होते हे दाखवावं लागतं. पाच वर्षांपूर्वी एकदा दाखवलेलं स्लाइड-शो ट्रेनिंग पुरत नाही. आणि दावा केल्याबद्दल त्या माणसाचा रेफरन्स बिघडवू नका, नव्या मालकाला फोन करू नका. मूळ दावा पडला तरी सूड उगवल्याचा नवा दावा उभा राहू शकतो.

मधला काळ

उत्तर आल्यावर बहुधा प्राथमिक सुनावणी होते, बऱ्याचदा फोनवर किंवा व्हिडिओवर. तिथे ‘लिस्ट ऑफ इश्यूज’ ठरते, म्हणजे अंतिम सुनावणीत न्यायाधीश कोणत्या प्रश्नांची उत्तरं देणार त्यांची यादी. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत मोलाचा कागद. समोरच्या वकिलाने मसुदा पाठवला की ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होऊ नका. तुमचा प्रत्येक मुद्दा त्यात आहे का ते ओळीओळीने ताडून पाहा. त्यात नसलेल्या मुद्द्यावर साक्षीत कितीही बोललात तरी निकालात त्याला जागा मिळणं कठीण.

त्याच आदेशात पुढच्या तारखा असतात. कागदपत्रांची देवाणघेवाण करताना आपल्या विरुद्ध जाणारे कागदही द्यावे लागतात. मग दोन्ही बाजूंचे कागद तारखेप्रमाणे लावून, पानांना क्रमांक घालून एकच बंडल तयार होतं. दावेदाराला शेड्यूल ऑफ लॉस, म्हणजे नुकसानीचा हिशेब, द्यावा लागतो. शेवटी इंग्लंड-वेल्समध्ये दोन्ही बाजू सहसा एकाच वेळी साक्षीपत्रं देतात. तुमचं साक्षीपत्र हीच तुमची मुख्य साक्ष असते, न्यायाधीश ते आधी वाचून येतात. म्हणून प्रत्येक घटनेपुढे बंडलमधलं पान लिहा. कायद्याचे दाखले आणि मॅनेजरच्या स्वभावाचं वर्णन त्यात नको.

या काळात नोकरी शोधत राहा आणि त्याची नोंद ठेवा. पाठवलेले अर्ज, नकाराचे ईमेल, एजन्सीशी बोलणं. नुकसान कमी करण्याचा प्रयत्न केला नाही असं दिसलं तर भरपाई घटते. मालकाच्या बाजूने त्या काळात निघालेल्या तशाच जागांच्या जाहिराती जमवून ठेवतात.

तडजोड कधीही होऊ शकते, अगदी सुनावणीच्या सकाळीसुद्धा. एकॅसमार्फत झाली तर सीओटी३ नावाचा करार होतो आणि फोनवर तोंडी ‘हो’ म्हटलं तरी तो बंधनकारक ठरू शकतो, म्हणून अटी लेखी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. दुसरा मार्ग सेटलमेंट ॲग्रीमेंटचा. त्यात तुम्हाला स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला मिळालेला असावा लागतो. नोकरी गेल्याची भरपाई म्हणून दिलेल्या पहिल्या ३०,००० पौंडांवर सहसा कर लागत नाही, पण नोटिशीचे आणि सुट्टीचे पैसे त्यात धरू नका. रकमेइतकीच घासाघीस रेफरन्सच्या शब्दांवर करा. ट्रिब्युनलला चांगला रेफरन्स लिहायला लावता येत नाही, तडजोडीत ते जमतं. आणखी एक गोष्ट: २०१७ पासूनचे निकाल सरकारी संकेतस्थळावर नावासकट शोधता येतात. पुढचा मालक ते वाचू शकतो, आणि पुढचा उमेदवार किंवा ग्राहकही.

व्हिसा, आणि भारतात परतलेल्यांसाठी

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर नोकरी संपल्याचं कंपनीने दहा कामकाजाच्या दिवसांत होम ऑफिसला (गृहखात्याला) कळवायचं असतं. त्यानंतर नवा व्हिसा मिळवायला किंवा देश सोडायला होम ऑफिस सहसा ६० दिवसांची मुदत देतं. ट्रिब्युनलमध्ये दावा चालू आहे म्हणून व्हिसा वाढत नाही, आणि दावा केला म्हणून रद्दही होत नाही.

परतावं लागलं तरी दावा चालू ठेवता येतो. मात्र पुण्यात बसून व्हिडिओवर साक्ष द्यायची असेल तर त्याला भारताची हरकत नाही याची खात्री आधी व्हावी लागते, आणि ही चौकशी ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यामार्फत होते. याला वेळ लागतो, तेव्हा परतायचं ठरताच ट्रिब्युनलला लेखी कळवा. ही अडचण फक्त तोंडी साक्षीची आहे. लेखी युक्तिवाद पाठवायला किंवा दुरून सुनावणी पाहायला अशी परवानगी लागत नाही. मालकाचा साक्षीदार सुट्टीवर भारतात गेला असेल तर नियम त्यालाही तोच.

सुनावणीचा दिवस

खोली साधी असते. वकिलांच्या डोक्यावर विग नसतो. न्यायाधीश एकटे असतात किंवा सोबत दोन सदस्य असतात. शपथ धर्मग्रंथावर हात ठेवून घेता येते, भगवद्गीताही चालते, किंवा नुसती प्रतिज्ञा करता येते. आधी कधी गेला नसाल तर महिनाभर आधी दुसऱ्या कोणाची सुनावणी बघून या, ती जनतेसाठी खुली असते.

उलटतपासणीत विचारलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आपली सवय असते की प्रश्न ‘हो की नाही’ असा असला तरी पार्श्वभूमीपासून सुरुवात करायची, आणि त्या पार्श्वभूमीतच वकिलाला पुढचे चार प्रश्न सापडतात. स्वतः उलटतपासणी घेत असाल तर भाषण करू नका. समोरचा जे म्हणतो त्यातलं तुम्हाला अमान्य असलेलं प्रत्येक महत्त्वाचं विधान त्याच्यासमोर प्रश्न म्हणून ठेवा. न विचारलेलं विधान मान्य केल्यासारखं धरलं जाऊ शकतं. साक्ष अर्धी झालेली असताना जेवणाची सुट्टी झाली, तर त्या वेळात कोणाशीही प्रकरणाबद्दल बोलायचं नाही, बायकोशीसुद्धा.

हरलात तर समोरच्याचा खर्च भरावा लागेल ही भीती मालकांचे वकील पत्रांतून घालतात. साधारण नियम असा की ज्याचा खर्च त्याने सोसायचा. त्रास देण्यासाठी, अवाजवी पद्धतीने किंवा मुळातच आशा नसलेला दावा वा बचाव चालवला असेल, तर मात्र खर्चाचा आदेश होतो, दोन्ही बाजूंवर होऊ शकतो. पत्रात नुसती धमकी आहे की दावा का टिकणार नाही याचं मुद्देसूद कारण आहे, ते शांतपणे वाचा. दुसऱ्या प्रकारचं पत्र असेल तर कोणाला तरी दाखवा.

पैसे किती, आणि हातात कधी

अन्यायाने काढल्याच्या भरपाईचे दोन भाग. मूळ रक्कम सूत्राने निघते: बावीस ते चाळीस वयात भरलेल्या प्रत्येक वर्षाला एका आठवड्याचा पगार, त्याआधीच्या वर्षांना अर्धा, एकेचाळीसपासून दीड, आणि जास्तीत जास्त वीस वर्षं. आठवड्याच्या पगाराला मर्यादा आहे. ६ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात ती ७१९ पौंड होती आणि दर एप्रिलला बदलते. म्हणजे ३५ वर्षांच्या, सहा वर्षं नोकरी झालेल्या इंजिनिअरची मूळ रक्कम तेव्हाच्या दराने ४,३१४ पौंड, पगार कितीही मोठा असो. दुसरा भाग प्रत्यक्ष नुकसानीचा. त्याला एक वर्षाचा पगार किंवा ठरलेला आकडा (त्याच वर्षी १,१८,२२३ पौंड) यातलं जे कमी तेवढी मर्यादा होती. नव्या कायद्यात ही मर्यादा काढण्याची तरतूद आहे. लवकर दुसरी नोकरी मिळालेल्या माणसाची भरपाई अगदी किरकोळ निघते, हे आधीच हिशेबात धरा.

भेदभावात नुकसानीला मर्यादा नाही, आणि मनस्तापाचेही वेगळे पैसे मिळतात. वेन्टो नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यांप्रमाणे, ६ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात केलेल्या दाव्यांत ते सौम्य प्रकरणाला १,२०० पौंडांपासून सुरू होऊन अत्यंत गंभीर प्रकरणात ६०,७०० पर्यंत जात होते.

निकाल पटला नाही तर अपील फक्त कायद्याच्या चुकीवर, एम्प्लॉयमेंट अपील ट्रिब्युनलमध्ये, ४२ दिवसांत. ‘न्यायाधीशांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही’ हे अपिलाचं कारण होत नाही. कारणं तोंडी दिली असतील तर ती १४ दिवसांत लेखी मागून घ्या.

जिंकल्यावर पैसे आपोआप येत नाहीत. चौदा दिवसांत रक्कम दिली नाही तर ८ टक्के व्याज चढतं. त्यानंतर इंग्लंड-वेल्समध्ये हायकोर्टाच्या वसुली अधिकाऱ्यामार्फत किंवा काउंटी कोर्टातून वसुलीला जावं लागतं. मालक दिवाळखोर झाला असेल तर थकलेला पगार, सुट्टी, नोटीस आणि रिडंडन्सी यांचे काही पैसे मर्यादेत सरकारच्या नॅशनल इन्शुरन्स फंडातून मिळू शकतात. आणि काही मालक कंपनीच बंद करून मोकळे होतात. यासाठी दावा टाकल्याच्या दिवशीच कंपनीज हाऊसच्या संकेतस्थळावर त्या कंपनीच्या पानावर मोफत ईमेल सूचना लावून ठेवा. कंपनीचं नाव नोंदणीतून वगळण्याचा अर्ज आला की तुम्हाला कळेल, आणि दावा चालू असल्याचं दाखवून त्यावर हरकत घेता येईल.